जमा-खर्च : ठेका हवा, पण शब्द जाऊ नये

या सदरात आम्ही नेहमी घरातल्या खर्चाचा हिशेब मांडतो. आजचा विषय वाचून काही वडीलधारी मंडळी म्हणतील, ‘हे कसले खूळ!’ विषय आहे हेडफोनचा. तोही साधा नव्हे, पूर्ण कान झाकणारा आणि ‘बेस’ जास्त देणारा. परंतु ज्या घरातले कमावते पोर ओव्हरटाइमच्या पैशातून दीड-दोन हजारांची वस्तू घेते, त्या घरात हा विषय हिशेबाचाच आहे. आमच्या घरी तर तो पैशांच्या हिशेबावर थांबला नाही.

गोष्ट अशी झाली. आमच्या थोरल्या बंधूंचा मुलगा कुपवाडच्या एमआयडीसीत पत्र्याच्या प्रेसवर कामाला आहे. एका रविवारी तो विश्रामबागला आमच्याकडे जेवायला आला. हात धुता धुता म्हणाला, “काका, हेडफोन घ्यायचाय. कान झाकणारा. बेस नुसता दणकून पाहिजे बघा.”

आमची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “बेस पाहिजे म्हंजे? वस्तू बेसच घ्यावी की रं! वंगाळ कोण घेतंय?”

सगळे हसलो. आईच्या बोलीत बेस म्हणजे उत्तम. पोरांच्या बोलीत बेस म्हणजे गाण्यातला तो खालचा, जाड, छातीत घुमणारा आवाज. जेवण झाल्यावर आईने पुन्हा हाक दिली, “ताक देऊ का रं?” पुतण्या म्हणाला, “चाक? कसलं चाक, आज्जी?”

पुन्हा हशा झाला. पण या खेपेला आम्ही हसलो नाही. कारण तासाभरात हे तिसऱ्यांदा घडले होते. आवाज त्याला ऐकू येत होता, शब्द मात्र भलताच पोचत होता. आमच्या मुलीच्या हेडफोनवर तो गाणे ऐकत बसला तेव्हा दारात उभ्या असलेल्या आम्हालाही ते ऐकू येत होते. आम्ही विचारले, “शब्द काय आहेत रे या गाण्याचे?” तो म्हणाला, “शब्द कोण ऐकतंय काका, ठेका बघा की ओ!”

पुढच्या आठवड्यात आम्ही त्याला घेऊन मिरजेला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवून, कानाला यंत्र लावून तपासणी झाली. कागदावर रेघ निघाली. जाड आवाजांच्या बाजूला रेघ सरळ होती. बारीक आवाजांकडे जाताना, ४,००० हर्ट्झच्या आसपास, ती खड्ड्यात उतरावी तशी खाली गेली होती. डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले. कामाच्या जागी मशिनचा आवाज किती? आणि मिरवणुकीत डॉल्बीपुढे नाचतोस का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुतण्याने दिले. दुसऱ्याच्या वेळी त्याने आमच्याकडे पाहिले. जयंतीच्या मिरवणुकीत डॉल्बीपुढे तो नाचला होता आणि दोन दिवस कानात शिट्टी वाजत असल्याचे त्याने सांगितलेही होते. त्या डॉल्बीच्या वर्गणीच्या पावत्या आम्हीच फाडल्या होत्या. मंडळाचा जमा-खर्च आम्हीच लिहितो. ‘ध्वनिव्यवस्था’ या सदराखाली रक्कम आमच्याच अक्षरात आहे.

डॉक्टरांनी जे समजावले ते प्रत्येक आईबापाने समजून घ्यावे असे आहे. माणसाचा निरोगी कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकतो. कानाच्या आत शंखासारखी नळी असते, तिच्यात केसांसारख्या बारीक पेशी असतात. एका कानात त्या सुमारे १५,००० असतात. मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. आमच्या भाषेत सांगायचे तर ही अशी ठेव आहे, जिच्यातून काढता येते पण भरता येत नाही. मोठ्या आवाजाने आधी खराब होते ती बारीक आवाज ओळखणारी बाजू. स, श, त, क, च, फ ही व्यंजने बऱ्याच अंशी याच बारीक आवाजांवर ओळखू येतात. म्हणून ताकाचे चाक होते. ढोलाचा ठेका मात्र पहिल्यासारखाच ऐकू येतो, त्यामुळे कान बिघडल्याचे पोराला कळतच नाही. उलट गाणे बोथट वाटू लागते आणि तो आवाज आणखी वाढवतो.

डॉक्टरांकडून निघून आम्ही वाद्यवाल्यांच्या गल्लीतून स्टँडकडे चाललो होतो. मिरजेची सतार आणि तंबोरा सगळ्या देशात जातो. शिकलगारी करणाऱ्या हातांनी उभा केलेला हा दीडशे वर्षांहून जुना व्यवसाय आहे आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. एका दुकानात कारागीर तंबोरा जुळवत बसले होते. आम्ही उंबऱ्यापाशी उभे राहिलो. शेवटची, जाड पितळी तार छेडली की तिचा नाद अंगात उतरत होता. तीच खरजाची तार. पुरुष गवई काळी एकच्या पट्टीत गात असेल तर ही तार साधारण ७० हर्ट्झवर वाजते. म्हणजे डॉल्बीवाला ज्याला बेस म्हणतो, त्याच मुलखातली. पण ती कोणाचे शब्द दाबत नाही. तिच्यावर गाणे उभे राहते.

पुतण्या हळूच म्हणाला, “काका, ह्यो पण बेसच की.”

घरी आल्यावर आमचे मत झाले होते की हेडफोनचे नावच काढायचे नाही. बारावीला शिकणाऱ्या आमच्या मुलीने ते खोडून काढले. ती म्हणाली, “बाबा, आवाज कमी केला की कानाला जाड आवाज आधी कमी ऐकू येतो. म्हणून मुलं आवाज वाढवतात. हेडफोनचाच बेस चांगला असेल तर आवाज खाली ठेवून ठेका मिळेल. स्वस्तातला घेतला तर दादा पूर्ण आवाज करूनच ऐकणार.” तिचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. हळू आवाजात जाड सूर कानाला फिके वाटतात, हे फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९३३ मध्येच मोजून दाखवले आहे. तेव्हा बेसची हौस ही काही बिघडलेल्या पोरांची हौस नव्हे.

शिवाय या हौसेला इतिहास आहे. १९५० च्या सुमारास जमैका देशात किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांमधून मोठमोठे स्पीकर रस्त्यावर मांडून गाणी वाजू लागली. हॉटेलात बँड ऐकायला जाण्याची ज्यांची ऐपत नव्हती त्यांचा तो जलसा होता आणि जाड आवाज ही त्याची ओळख होती. आपल्या वस्तीतली पोरे डॉल्बीपुढे गोळा होतात त्यातही ‘आम्ही इथे आहोत’ हे सांगण्याची ओढ आहे. गंमत अशी की, रे डॉल्बी या गृहस्थांनी १९६५ मध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करण्यासाठी. आवाज स्वच्छ करणाऱ्याचे नाव आपण भिंती हादरवणाऱ्या पेट्यांना दिले.

मात्र आपला वारसा ठेक्याचा तसाच शब्दाचा आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) किंवा वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी लोकांना जागे केले ते शब्दाने. ढोलकी तो शब्द पोचवायला होती. शब्द ऐकूच आला नाही तर नुसता ठेका घेऊन करायचे काय? म्हणून आम्ही घरात एक कसोटी ठरवली : बेस भरपूर हवा, पण शब्द जाऊ नये. ही कसोटी घेऊन आम्ही तिघे दुकानात गेलो. तिथे जे शिकलो ते क्रमाने देत आहोत.

पहिली गोष्ट खोक्यावरच्या अक्षरांची. ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ हे आम्ही पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक खोक्यावर होते. त्यावरून बेस किती हे कळत नाही, कारण २० हर्ट्झला आवाज किती जोरात निघतो हे तिथे लिहिलेले नसते. तेच ‘४० मिलिमीटर’ आणि ‘५० मिलिमीटर’चे. हा आतल्या छोट्या स्पीकरचा आकार. मोठा पडदा जास्त हवा हलवू शकतो हे खरे. परंतु मोठे पातेले म्हणजे चांगला स्वयंपाक नव्हे. चांगल्या बांधणीचा ४० मिलिमीटरचा स्पीकर वाईट ५० ला सहज मागे टाकतो.

दुसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट गादीची. कानाभोवतीची गादी जिथे त्वचेला टेकते तिथे फट राहिली की आधी बेस गळतो. झाकण नीट न बसलेल्या कुकरची शिट्टी होत नाही, तसेच हे. दुकानात तपासायची युक्ती अशी : हेडफोन घाला, गाणे लावा आणि दोन्ही तळहातांनी वाट्या कानावर अलगद दाबा. दाबल्यावर बेस एकदम वाढला तर समजा की तो हेडफोन त्या डोक्याला बसत नाही. दाबूनही फारसा फरक पडला नाही तर तो बसला. चष्मा असेल तर चष्मा घालूनच पाहावे, कारण काडीमुळे फट पडते. जाड केस, ओढणी, कानातले यांचेही तसेच. आमच्या पुतण्याने आधी उचललेला भारी दिसणारा हेडफोन याच परीक्षेत नापास झाला.

तिसरी गोष्ट वाट्यांची. बाहेरून बंद असलेल्या वाट्या बेस धरून ठेवतात आणि बाहेरचा गोंगाटही अडवतात. काही महागड्या हेडफोनच्या वाट्या मागून जाळीच्या, उघड्या असतात. त्यात गाणे मोकळे वाटते, पण खोल बेस सहसा कमी पडतो आणि शेजारी बसलेल्यालाही ऐकू जाते. दोन खोल्यांच्या घरात, जिथे एकजण अभ्यास करतो आणि दुसरा पाळी करून झोपलेला असतो, तिथे बंद वाट्याच बऱ्या.

चौथी गोष्ट शब्दाची परीक्षा. बेस तपासायला ओळखीचे गाणे लावावे, पण शब्द तपासायला अनोळखी गाणे लावावे. ओळखीच्या गाण्याचे शब्द आपल्याला पाठ असतात, त्यामुळे न ऐकलेला शब्दही मन भरून काढते आणि आपण फसतो. अनोळखी गाण्याचे एक कडवे ऐकून शब्द सांगता आले पाहिजेत. जाड आवाज बारीक आवाजाला झाकतो, हा ध्वनीचा स्वभाव आहे. फुगवलेला बेस गायकाच्या गळ्यावर गोधडी टाकल्यासारखा बसतो. आम्ही पाहिलेल्या एका हेडफोनमध्ये ढोल असा घुमत होता की गायक विहिरीतून गातो आहे असे वाटावे. पुतण्याला एका कडव्यातले निम्मे शब्द सांगता आले नाहीत. दुसऱ्यामध्ये ठोका स्वच्छ पडून लगेच थांबत होता आणि मधल्या जागेत शब्द येत होते. चांगला बेस ओळखायची खूण हीच. तो येतो तसा वेळेवर जातोही.

पाचवी गोष्ट तारेची. तारेचा हेडफोन त्याच पैशात बहुधा चांगला वाजतो आणि चार्जिंगची कटकट नाही. पण आता पुष्कळ फोनना तारेचे भोकच नसते, ते आधी पाहावे. तारेचा घेताना ३२ ओहमच्या आसपासचा घ्यावा. २५० ओहमचे स्टुडिओतले हेडफोन फोनवर दबकेच वाजतात. बिनतारी घेतला तर बॅटरी संपल्यावर तार लावून चालतो का, ते विचारावे. बाहेरचा गोंगाट यंत्राने कमी करण्याची सोय काही हेडफोनमध्ये असते. एस.टी.च्या इंजिनाची किंवा पंख्याची सलग घरघर ती चांगली कमी करते, त्यामुळे हळू आवाजातही बेस ऐकू येतो. पण तिच्यासाठी जास्त पैसे पडतात.

सहावी गोष्ट फुकटची. फोनमधल्या इक्वलायझरमध्ये बेसची दांडी वर ढकलण्याआधी बाकीच्या दांड्या थोड्या खाली आणून पाहाव्यात. बेस तितकाच उठून दिसतो आणि आवाज फाटत नाही. घरात जुना हेडफोन असेल आणि त्याच्या गादीची पापुद्रे निघाली असतील तर नवी गादी घालून पाहावी. कित्येकदा गेलेला बेस दोन-तीनशे रुपयांत परत येतो.

सातवी गोष्ट पावतीची. याआधी पुतण्याने रस्त्यावरून एक हेडफोन घेतला होता. खोक्यावर लाल अक्षरांत बेसचा डांगोरा, आत डब्यासारखा आवाज. चार महिन्यांत कमान मोडली. पावती नव्हती, वॉरंटी नव्हती, विक्रेता जागेवर नव्हता. बिनतारी हेडफोनला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. त्यावर ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो आणि तो ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तपासता येतो. पक्की पावती घ्यावी, वॉरंटीची मुदत तिच्यावर लिहून घ्यावी. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

एवढे करून आम्ही घेतला तो १,७५० रुपयांचा, बंद वाट्यांचा, बिनतारी पण तारही लागणारा. त्याहून ९०० रुपयांनी महाग असलेला हेडफोन शब्दाच्या परीक्षेत मागे पडला होता. पुतण्याने पैसे स्वतः मोजले.

आता वापराचा हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा अशी आहे : मोठ्या माणसाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, आणि लहान मुलांनी ७५ डेसिबल तेवढाच वेळ. यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १० तास, ९० ला ४ तास, आणि १०० डेसिबलला आठवड्यात जेमतेम २०-२५ मिनिटे. हे सरळ व्याज नव्हे, चक्रवाढ आहे. सोपा नियम म्हणजे फोनचा आवाज ६० टक्क्यांच्या वर नेऊ नये. आमच्या पुतण्याचे खाते तर आधीच उणे आहे. आपल्याकडे कारखान्यात ८ तासांच्या पाळीला ९० डेसिबलपर्यंत मर्यादा आहे. म्हणजे कामावरच त्याची आठवड्याची शिल्लक संपण्यासारखी असते. संध्याकाळी त्याने अर्धा-पाऊण तास, हळू आवाजात ऐकावे, असे डॉक्टरांनी सांगितले आहे.

आणखी एक चूक आमच्या पोरांकडून होते. मशिनचा गोंगाट नको म्हणून कामावर हेडफोन घालतात आणि गोंगाटाच्या वर गाणे चढवतात. त्याने कानावर दुहेरी मार बसतो आणि मशिनजवळ हाकही ऐकू येत नाही. गाण्याचा हेडफोन म्हणजे कानाचे संरक्षण नव्हे. त्यासाठी वेगळे इअरमफ आणि कानातले बोळे मिळतात. ते मालकाकडे मागावेत. मागायला लाजू नये. मोटारसायकलवर तर हेडफोन घालूच नये.

असो. परवा रात्री पुतण्या आला होता. हेडफोन गळ्यात. आईने मुद्दाम विचारले, “ताक देऊ का रं?” तो तिच्या तोंडाकडे पाहात म्हणाला, “द्या आज्जी.” त्याने ऐकले की ओठांवरून ओळखले, हे आम्ही विचारले नाही. गेलेले परत येणार नाही, राहिलेले राखायचे आहे.

आमच्या वहीत या प्रकरणाचा खर्च १,७५० रुपये मांडला आहे. पण दुसरी नोंद मंडळाच्या वहीत करायची आहे. येत्या बैठकीत आम्ही असा प्रस्ताव मांडणार आहोत की पुढच्या जयंतीला डॉल्बीऐवजी साधा लाऊडस्पीकर, ढोलकी आणि गायक असावा. पोरे नाराज होतील, काही ज्येष्ठही होतील. मते पडायची तशी पडोत. ‘ध्वनिव्यवस्था’ या सदरात आमच्या हाताने पुन्हा तीच रक्कम लिहिण्याआधी हा कानाच्या तपासणीचा कागद आम्ही बैठकीत सर्वांपुढे ठेवणार आहोत.